सोनं म्हणून दिलेलं पान

माझ्या मुलीने मला पहिल्यांदा 'झी' म्हटलं, तेव्हा माझ्या हातात उकळत्या चहाचं पातेलं होतं. ते सांडलं नाही, हे माझ्या आयुष्यातल्या मोजक्या शारीरिक पराक्रमांपैकी एक.

जर्मनमध्ये 'झी' म्हणजे 'आपण'. पोस्टातल्या बाईंना म्हणतात, घरमालकाला म्हणतात, व्हिसाच्या कचेरीत चष्म्यावरून बघणाऱ्या साहेबांना तर श्वास रोखून म्हणतात. बापाला कोणी म्हणत नाही. माझी मुलगी जन्मली इथेच, जर्मनीत, र्युसेल्सहाइमला, पण माझ्याशी कायम मराठीत आणि अरे-तुरेत बोलायची. 'अरे बाबा, तू जरा गप्प बस ना' हे तिचं आवडतं वाक्य. तिच्या वयाची आमच्या ओळखीतली बाकीची मुलं आईबापांना जर्मनमध्ये उत्तरं द्यायची आणि मी त्या आईबापांकडे दयेने बघायचो. आणि त्या सकाळी ही बया ओट्याशी येऊन इस्त्री केलेल्या जर्मनमध्ये म्हणाली, "आपण कृपया बाजूला व्हाल का? मला दूध घ्यायचं आहे."

मी बाजूला झालो. तिने दूध घेतलं. "आभारी आहे," म्हणाली आणि गेली.

मी बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे पावाला लोणी लावत होती.

"अहो, माझ्याकडे काय बघताय? स्टेजवर मी नव्हते गेले."

तर, स्टेज. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मला मागणी असते. हे मी गर्वाने सांगत नाही, म्हणजे थोडंसं सांगतो. आरती झाली, मोदक झाले, की लहान मुलांच्या नाचाचा लाउडस्पीकर हमखास बिघडतो आणि तो दुरुस्त होईपर्यंत मला वर ढकलतात. मी किस्से सांगतो. नकला करतो. त्या वर्षी मी मुलीचा एक किस्सा सांगितला. नुकताच घडलेला, तिने फक्त घरात सांगितलेला, तेही रडत. तो किस्सा काय होता हे मी इथे सांगणार नाही. हळहळू नका. का सांगणार नाही, तेच सांगायला बसलोय.

हॉल कोसळला. पहिल्या रांगेतल्या एका काकांना मोदकाचा ठसका लागला, त्यांची पाठ चोळायला दोघं धावले. मला वाटलं, यापेक्षा मोठं यश ते काय. मुलगी शेवटच्या रांगेत होती. पहिल्यांदाच साडी नेसली होती आणि शाळेतल्या दोन जर्मन मैत्रिणींना मुद्दाम घेऊन आली होती. आपला गणपती दाखवायला. त्या मैत्रिणींच्या शेजारी एक मदतीला अतिशय तत्पर मावशी बसल्या होत्या, त्यांनी माझं प्रत्येक वाक्य दोघींना जर्मनमध्ये समजावून सांगितलं.

मुलगी साडीतच एकटी एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, घरी गेली. दुसऱ्या दिवशी 'झी' सुरू झालं.

"अगं, विनोद होता," मी म्हणालो. एकदा नाही, तीन आठवडे म्हणत होतो. विनोद होता, प्रेमाने सांगितला, लोकांना तू किती आवडलीस बघ. उत्तर एकच, 'आल्झो', म्हणजे 'बरं तर', आणि मग दार. शाळेचं तिचं शेवटचं वर्ष होतं. पुढच्या शरदात ती शिकायला हॅनोव्हरला जाणार, हे ठरलेलं. मला रोज डोळ्यांसमोर एकच चित्र दिसायचं: ही अशीच गेली, तर दर महिन्याला हॅनोव्हरहून एक ईमेल येईल, व्यवस्थित, तीन ओळींची, आणि खाली लिहिलेलं असेल 'मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्युसेन', म्हणजे जसं विजेच्या बिलाखाली असतं तसं. माझ्याकडे एक वर्ष होतं. आणि माझ्याकडे, खरं सांगायचं तर, 'विनोद होता' यापलीकडे काही वाक्य नव्हतं.

शरदाच्या सुट्टीत आम्ही तिघं टांझानियाला गेलो. हे आधीच ठरलेलं होतं. किलिमांजारोला. आमच्याकडे लोक लगेच विचारतात, शिखर केलंत का? नाही. शिखर करणारे वेगळे, ते रात्रंदिवस चढतात, त्यांची तोंडं फुटाण्यासारखी होतात. आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या गावांतून सकाळी निघून संध्याकाळी परत यायच्या वाटा निवडल्या होत्या. केळीच्या बागा, धबधबे, कुणाच्या तरी घरी अंगणात बसून कॉफी. मुलगी येईल की नाही शंका होती. आली. आईला म्हणाली, मी गाइडबरोबर चालेन.

आणि चाललीच. आमची गाइड चाळिशीची बाई, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात एक साधी काठी. जर्मन पर्यटक पुष्कळ येतात म्हणून ती जर्मन शिकलेली, आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलायची, हा पहिला धक्का. मी जर्मनीत वीस वर्षं राहून डोंगर चालायचं शास्त्र शिकलेलो: दोन घडीच्या काठ्या, तीन थरांचं जाकीट, पाण्याची नळी थेट तोंडात. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि 'मझे' म्हणून हाक मारली. मी खूश. नंतर कळलं, मझे म्हणजे वडीलधारे. मी पन्नाशीचा! बायको तिथल्या तिथे हसत एका केळीला टेकली.

वाट सुरेख होती. दोन्ही बाजूंनी केळी, मधे एक हातभर रुंदीचा पाट, डोंगरावरून गावागावाला पाणी वाटत निघालेला. डोक्यावर केळीचे घड घेऊन बायका समोरून यायच्या, आम्ही पाटात पाय घालून त्यांना वाट द्यायचो. डोंगर स्वतः सकाळी चार मिनिटं दिसला, पांढऱ्या टोपीसकट, आणि मग ढगांत गेला तो गेलाच. त्या चार मिनिटांत मी फोनमध्ये मंडळासाठी व्हिडिओ घेत होतो, त्यामुळे दिसला तो फोनमध्येच. "मंडळी, आपण आता आफ्रिकेच्या छपरावर आहोत," असं मी ओरडून सांगत होतो. छप्पर कुठलं, आम्ही कॉफीच्या झुडपात होतो. माझ्यामागे गाइड मुलीला काहीतरी दाखवत होती, कुंपणाकडे बोट करून, बराच वेळ. ती काय सांगत होती हे मी ऐकलं नाही, कारण मी बोलत होतो.

थोड्या वेळाने बायको म्हणाली, "अहो, आज दसरा आहे. विसरलात ना?"

विसरलो होतो. जर्मनीत दसरा म्हणजे आमच्या घरी सोनेरी कागद. आपटा मिळत नाही, म्हणून मी दरवर्षी क्राफ्ट पेपरची दोन पाळ्यांची पानं कापतो, ती मंडळात वाटतो, आणि दुसऱ्या दिवशी ती सगळी हॉलच्या कचऱ्यात, कागदाच्या डब्यात, काटेकोर वर्गीकरणासह. आणि इथे? मान वर करून पाहिलं, तर सगळ्या घरांची कुंपणं एकाच झाडाची. लांबट, तकतकीत हिरवी पानं, कडेला पिवळी किनार. अरे, हा तर ड्राखेनबाउम! आमच्या कंपनीत झेरॉक्स मशीनच्या बाजूला एका कुंडीत उभा असतो, अंगावर धूळ, बुंध्यात कुणीतरी ओतलेली कॉफी. इथे तोच पुरुषभर उंच, भिंतीसारखा, गावभर. पिवळी किनार, म्हणजे सोनंच की! वीस वर्षं कागद कापणाऱ्या माणसाला परमेश्वराने हे दाखवावं!

दुपारी आम्ही एका घरी पोचलो. हे घर गाइडच्या रोजच्या फेरीतलं: अंगणात एक आजी, ऐंशीच्या पुढच्या, खुर्चीत, त्यांचा मुलगा आणि सून उखळात भाजलेली कॉफी कुटत होते, दोन शेजारी कुंपणापाशी गप्पा मारत बसलेले. आजींनी आम्हाला भोपळ्याच्या वाडग्यातून एक पेय दिलं, केळी आणि नाचणी आंबवून केलेलं. बायकोने एक घोट घेतला आणि डोळे विस्फारले. "अहो, ही आंबील आहे. चढणारी आंबील!" तिने दुसरा घोट घेतला. मग तिसरा.

मी उठलो. प्रेक्षक तयार होते, सण होता, पोटात आंबील होती. मी कुंपणापाशी गेलो आणि सात पानं तोडली. आधी आजींपुढे गेलो, कमरेत वाकलो, दोन्ही हातांनी पान पुढे केलं आणि स्टेजवरच्या आवाजात म्हणालो, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा!" मग त्यांच्या मुलाला. सुनेला. शेजाऱ्यांना, एकेकाला. तेवढ्यात पानं संपत आली, म्हणून उरलेली दोन बायकोला आणि मुलीला, आणि आणखी एक तोडून गाइडला. प्रत्येकापुढे वाकलो. प्रत्येकाला तेच वाक्य.

उखळातला आवाज थांबला होता. हे मला उशिरा कळलं. कोंबड्यांचा आवाज येत होता, दूर कुठेतरी पाण्याचा. आजी पान हातात धरून माझ्याकडे बघत होत्या, तोंड उघडं. सून नवऱ्याकडे बघत होती. दोन शेजाऱ्यांपैकी एकजण उठला, घरामागे गेला, आणि आपल्या शेळ्या जागेवर आहेत की नाही हे बघून आला.

"मझे," गाइड अगदी हळू म्हणाली, "तुम्ही काय केलंत?"

"सोनं वाटलं."

"नाही. या सगळ्यांचं तुम्ही काय केलंत?"

मग तिने सांगितलं. या डोंगरात हे पान कोणी कोणाला दोन्ही हातांनी दिलं, तर त्याचा एकच अर्थ असतो. मी तुझा अपराध केला आहे, मला क्षमा कर. भांडणं, हद्दीचे वाद, मोडलेली नाती, सगळ्यांत हे पान जातं. आणि समोरच्याला ते नाकारता येत नाही. पण देणाऱ्याला अपराध काय ते सांगावं लागतं.

माझे कान इतके तापले की टोपी काढावी लागली. एका तासापूर्वी भेटलेल्या पाच माणसांची मी कमरेत वाकून क्षमा मागितली होती, मोठ्याने, हसत हसत. मी दसरा समजावून सांगितला. रावण, शस्त्रं, आपटा, जेवढं जर्मनमध्ये मावेल तेवढं. गाइडने भाषांतर केलं. आजींनी सगळं नीट ऐकलं. मग कुंपणाकडे हात केला. त्यांचा नवरा तिथेच पुरलेला होता, कुंपणाच्या आत, त्याच झाडांच्या खाली.

"त्या म्हणतायत," गाइड म्हणाली, "तुमच्या देशात पानाला जे म्हणायचं ते म्हणा. हे पान माझ्या कुंपणाचं आहे. आणि ते तुम्ही न विचारता तोडलंत. ते मी माफ केलं."

मी वाकून नमस्कार केला. काय करणार? शेजाऱ्यांनी माफ केलं, कशाबद्दल ते न विचारता, पण शेळ्यांवर नजर ठेवून. गाइड म्हणाली, "मझे सकाळपासून बोलतायत. मला माझं काम करू दिलं नाही. माफ." मग बायको. बायकोने पान पदरासारखं दोन बोटांत धरलं आणि आंबिलीच्या पुण्याईने म्हणाली, "तुम्ही खाली बसा. वेळ लागेल." तिने सगळं नाही, एकच सांगितलं. ते माझ्या आईच्या आजारपणातलं होतं, पंधरा वर्षांपूर्वीचं, आणि ते तिच्या लक्षात आहे हे मला माहीत नव्हतं. मी खाली बसलेलो होतो, ते बरं झालं.

आणि मग मुलगी.

ती उभी होती. पान हातात. बघत होती माझ्याकडे, पोस्टातल्या खिडकीतून बघावं तशी.

आजींनी गाइडला काही विचारलं. गाइडने मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्या विचारतायत, हिचं काय केलंत?"

"विनोद होता," मी म्हणालो. सवयीने. जीभ स्वतःच म्हणाली.

भाषांतर गेलं. आजींनी मान हलवली आणि त्या एक छोटंसं वाक्य बोलल्या.

"त्या विचारतायत, ती हसली का?"

मी आयुष्यात शेकडो लोकांसमोर बोललोय. लाउडस्पीकर बंद पडल्यावर बोललोय, वीज गेल्यावर बोललोय. त्या अंगणात मी काढलेली टोपी हातात फिरवत राहिलो. समोर हॉल दिसायला लागला, मोदकाचा ठसका, हसणारी माणसं, आणि शेवटची रांग, जिच्याकडे मी त्या दिवशी एकदाही पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर थांबलो असतो का? सांगता येत नाही. हशा ऐकू येत असताना मी थांबत नाही.

"नाही," मी म्हणालो. "हसली नाही."

मग मी तिच्याकडे वळून मराठीत म्हणालो, "तू घरात सांगितलेली गोष्ट मी तुला न विचारता सगळ्या गावाला सांगितली. तुझ्या मैत्रिणींसमोर. आणि तुला लागलं, हे कळल्यावरही विनोद होता म्हणत राहिलो. चुकलं माझं."

गाइडला मराठी येत नव्हती. सगळे थांबले होते. म्हणून माझ्या क्षमायाचनेचं भाषांतर मुलीलाच करावं लागलं, जर्मनमध्ये, गाइडसाठी, आणि गाइडने पुढे आजींसाठी. मी तीन-चार वाक्यं बोललो होतो. मुलीचं भाषांतर बरंच लांबलं. मधे एकदा माझी नक्कल केली असावी, कारण शेजारी हसला. आजी हसल्या नाहीत. त्यांनी मुलीच्या हातातल्या पानाकडे हनुवटीने खूण केली. मुलीने ते पान घडी घालून जाकिटाच्या खिशात ठेवलं.

एवढंच झालं. मिठी नाही, अश्रू नाहीत, सून पुन्हा कॉफी कुटायला लागली. आम्ही ती कॉफी प्यायलो आणि निघालो. मी उतारावर सगळ्यांच्या मागे, दोन्ही काठ्या काखेत, आणि गप्प. इतका गप्प की बायकोने दोनदा वळून पाहिलं, पडलो की काय म्हणून. पाटापाशी मुलगी थांबली. मी जवळ आलो.

"अरे बाबा," ती म्हणाली, "तुझ्या बुटाची लेस सुटलीय."

मी वाकून लेस बांधली. बराच वेळ बांधली.

पुढचं वर्ष शहाण्यासारखं गेलं. पुढच्या गणपतीत मंडळाने स्टेजवर ढकललं, तेव्हा मी स्वतःचेच किस्से सांगितले, आणि गंमत म्हणजे ते कमी पडले नाहीत. दसऱ्याच्या आसपास मुलगी हॅनोव्हरला गेली. चार जणींचं सामायिक घर, इथे त्याला वेगे म्हणतात, चौथा मजला, लिफ्ट नाही; खोली बघायला ती आधी दोनदा येऊन गेलेली. तिचं सामान आम्ही भाड्याच्या गाडीतून नेलं. मी वाटेत बागकामाच्या दुकानात थांबलो आणि एक ड्राखेनबाउम घेतला, कुंडीसकट, माझ्या छातीएवढा. तो मी स्वतः चार मजले वर नेला. भेट म्हणून. काही न बोलता. मला वाटलं, यात फार सूचक सौंदर्य आहे.

स्वयंपाकघराचं दार मुलीच्या एका मैत्रिणीने उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, आणि किंचाळली.

"हा तो! पानांचा माणूस!"

बाकीच्या दोघी धावत आल्या. एकीने चक्क कमरेत वाकून दोन्ही हात पुढे केले. दुसरी म्हणाली, "आणि शेळ्या! शेळ्या सगळ्या होत्या ना?"

मी झाडाच्या मागून मुलीकडे पाहिलं. ती फ्रिजला टेकून छताकडे बघत होती. तिने सांगितलं होतं. सगळं. माझ्या दोन काठ्या, आफ्रिकेचं छप्पर, माझा स्टेजवरचा आवाज, सगळ्या नकलांसकट. या तीन मुली मला पहिल्यांदा भेटत होत्या आणि त्यांना माझ्याबद्दल सगळं ठाऊक होतं. कुंडी खाली ठेवायचं भान मला राहिलं नाही. हे असं वाटतं तर! शेवटच्या रांगेत बसल्यावर!

"आणि सगळ्यात भारी म्हणजे," पहिली मैत्रीण मला सांगायला लागली, "तिला तर सकाळपासूनच माहीत होतं! त्या पानाचं! गाइडने आधीच सांगितलं होतं!"

मी कुंडी खाली ठेवली. पायावर. तेही थोड्या वेळाने कळलं.

"तुला माहीत होतं?" मी मराठीत विचारलं.

"गेनाऊ," मुलगी म्हणाली. म्हणजे 'अगदी बरोबर'.

"मी पानं तोडत होतो, वाटत होतो, सगळ्यांपुढे वाकत होतो, आणि तुला माहीत होतं?"

"मी तुला थांबवू शकले असते."

"मग?"

"तू बोलत होतास ना, बाबा."

बायको मागे दारात उभी होती, हातात मुलीची उशी. तिने उशीत तोंड घातलं. तिचे खांदे हलत होते. तिलाही माहीत होतं की काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. आजही झालेली नाही.

मुलगी फ्रिजपासून पुढे आली. नव्या झाडाचं एक पान तिने खुडलं, खालचं, कडेचं, आणि माझ्यासमोर उभी राहून दोन्ही हातांनी पुढे केलं. मैत्रिणी एक पाऊल मागे सरकल्या. त्यांना अर्थ माहीत होता. तिनेच शिकवलेला.

पान नाकारता येत नाही, हे मला माहीत होतं. पण नियम म्हणजे नियम.

"काय केलंस ते सांगावं लागतं," मी म्हणालो.

"तुझी गोष्ट सांगितली," ती म्हणाली. "तुला न विचारता."

"लोक हसले?"

"खूप." मग तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, शोधल्यासारखं. "तू हसतोयस का?"

मी हसत होतो. केव्हापासून कोणास ठाऊक. पायाचा अंगठा ठणकत होता आणि मी हसत होतो.

मी पान घेतलं आणि कोटाच्या खिशात ठेवलं. हे सगळं लिहायच्या आधी मी तिला विचारलं. तिने वाचून दोन वाक्यं खोडली आणि एक स्वतः घातलं, ते कुठलं हे सांगायची मला परवानगी नाही.

त्या दिवशी निघताना मी जिन्याच्या पहिल्या पायरीवरून परत वळलो. राहवेना.

"एक सांग. तो शेजारी उठून घरामागे गेला, असं सांगितल्यावर तू थांबलीस का? की लगेच शेळ्या आणल्यास?"

"थांबले," ती म्हणाली. "तुझ्यापेक्षा जास्त."

मी कठडा धरून खाली उतरायला लागलो. तिसऱ्या मजल्यावर पोचलो, तेव्हा वर स्वयंपाकघरात पुन्हा हशा फुटला. मी थांबून ऐकलं. हशाआधीचा थांबा मोजून बघितला, तर तो बरोबर जागी होता.